निमिषाचा हिशेब

आपली स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिली नाही, असे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. आपल्याला हिशेबात गती नाही, गाण्यातले काही कळत नाही, फार काय, आपला स्वभाव तापट आहे, हेही लोक चारचौघांत हसत हसत कबूल करतात. परंतु 'मला मोटार चांगली चालवता येत नाही' असे म्हणणारा मोटारवाला गृहस्थ मला अजून भेटावयाचा आहे. प्रत्येकाच्या मते रस्त्यावर गाढवांची संख्या फार वाढली आहे, आणि त्या कळपातून आपण केवळ स्वतःच्या चापल्याच्या बळावर रोज सुखरूप घरी पोहोचत आहो. स्वेन्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली अमेरिकेतल्या व स्वीडनमधल्या चालकांना स्वतःची पायरी स्वतःच ठरवावयास सांगितले, तेव्हा बहुसंख्यांनी आपणांस मधल्या पायरीच्या वर बसवून घेतले. मधल्या पायरीच्या वर निम्म्यांहून अधिक माणसे मावत नाहीत, हे साधे गणित त्या वेळी कोणाला आड आले नाही. आपल्याकडे कोणी असा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर निराळे येईल असे मला वाटत नाही.

हे चापल्य म्हणजे नेमके काय, असे या मंडळींना विचारले, तर ती आपल्या उजव्या पायाकडे बोट दाखवतील. समोर संकट दिसले की पाय आपोआप ब्रेकवर जातो, असे त्यांचे म्हणणे असते. या 'आपोआप' शब्दाच्या पोटात फार मोठा प्रवास दडलेला आहे. डोळ्याला काही तरी दिसते. ते काय आहे हे मन ओळखते. त्यावर काय करावे याचा निर्णय होतो. तसा निरोप मज्जातंतूंतून पायाकडे निघतो. आणि मग पाय एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवला जातो. हा सगळा खटाटोप चालू असताना गाडीला त्याची गंधवार्ताही नसते. ती पूर्वीच्याच वेगाने पुढे जात असते. या मधल्या अवधीला मानसशास्त्रज्ञ प्रतिक्रियाकाल म्हणतात. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर अंतर तोडते. मधला काळ दीड सेकंदाचा धरला, तर ब्रेकला पाय लागेपर्यंतच पंचवीस मीटर मागे पडलेले असतात. गाडी थांबण्याची गोष्ट त्यानंतरची.

या निमिषांचा हिशेब करीत बसण्याचे कारण आमच्या घरातच उत्पन्न झाले. माझे वडील, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, शहात्तराव्या वर्षात आहेत. पंचावन्न वर्षे उलटलेल्या माणसाला आपल्याकडे गाडी चालविण्याचा परवाना एका वेळी पाच वर्षांपुरताच मिळतो. नानांची मुदत संपत आली होती आणि नूतनीकरणासाठी डॉक्टरांचा दाखला आणावयाचा होता. दाखला आणावा की गाडी विकावी, असा प्रश्न एका रविवारी सकाळी चहाच्या वेळी निघाला. पुण्याहून माझ्या थोरल्या बहिणीने फोनवरच निकाल दिला, "आता पुरे झाले. काही झाले म्हणजे मग आपण सगळे रडत बसू." माझ्या मुलाचे मत तेच होते, फक्त त्याच्या मतात गाडी आपल्या हाती येण्याचा थोडासा लोभ मिसळला होता. पत्नी काही बोलली नाही. नानाही बराच वेळ बोलले नाहीत. मग पेला खाली ठेवून त्यांनी एवढेच विचारले, "आणि गुरुवारचे काय?"

हे गुरुवारचे प्रकरण सांगितले पाहिजे. नानांचे एक जुने सहकारी वाईपलीकडच्या एका खेड्यात राहतात. दोघांनी एकाच शाळेत तीस वर्षे शिकविले. त्या गृहस्थांना पक्षाघात होऊन आता चार वर्षे झाली. ते अंथरुणातून उठत नाहीत, वाचू शकत नाहीत. दर गुरुवारी नाना साताऱ्याहून गाडी काढतात, पाचवडला महामार्ग सोडून वाईकडे वळतात, आणि आठवड्याची वर्तमानपत्रे त्यांना वाचून दाखवून संध्याकाळी परत येतात. त्या गावाला एसटी दिवसातून दोनदा जाते, आणि दोन्ही वेळा गैरसोयीच्या. तेव्हा परवान्याचा प्रश्न हा दिसतो तितका मोटारीचा नव्हता. एका म्हाताऱ्याचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्या म्हाताऱ्याचा आठवड्यातला एकुलता एक पाहुणा त्यात गुंतला होता. पण दुसऱ्या पारड्यातही काही लहान गोष्ट नव्हती. रस्त्यावरून जाणारी परक्याची मुले त्या पारड्यात बसली होती.

माझा मुलगा शास्त्रशाखेचा विद्यार्थी. वाद वाढू लागला तेव्हा तो कंपासपेटीतली तीस सेंटिमीटरची पट्टी घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, आपण मोजूनच पाहू." हा खेळ पुष्कळांनी शाळेत खेळला असेल. एकाने पट्टी वरच्या टोकाला उभी धरावयाची, दुसऱ्याने खालच्या टोकाशी चिमूट उघडी ठेवून बसावयाचे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडली की दुसऱ्याने ती पकडावयाची. पट्टी किती सेंटिमीटर निसटली यावरून किती वेळ गेला ते काढता येते, कारण पृथ्वीचे ओढणे सर्वांना सारखेच. मुलाने सरासरी सतरा सेंटिमीटरवर पट्टी पकडली, नानांनी सत्ताविसावर. नाना जन्मभर गणित शिकवत आलेले. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. मुलाला सेकंदाचे एकोणीस शतांश लागले होते, नानांना साडेतेवीसच्या आसपास. फरक फार तर पाच शतांशांचा. साठाच्या वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात त्र्याऐंशी सेंटिमीटर जाते.

"म्हणजे मी तुझ्यापेक्षा एक ढांग मागे," नाना म्हणाले. "ठीक आहे, कबूल. आता असे सांग बाळ, काल येताना तुझा फोन वाजला आणि तू खाली पाहिलेस, तेव्हा तू किती ढांगा मागे होतास?"

मुलगा हसला, पण मी तो हिशेब मनातल्या मनात करून पाहिला. फोनवर कोणाचे नाव आले आहे हे वाचावयास दोन सेकंद लागतात असे धरू. दोन सेकंद म्हणजे तेहेतीस मीटर, म्हणजे अशा चाळीस ढांगा. विशीतल्या तरुणाला निसर्गाने दिलेला सगळा वरचढपणा खिशातले ते यंत्र एका कटाक्षात चाळीस पटीने परत घेते. आणि फोन हातात न धरता बोलले म्हणजे भागले, असे समजणाऱ्यांची फार फसगत होते. टोरांटो येथे रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांनी केलेली पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. फोनवर बोलत असताना अपघाताचा संभव सुमारे चौपट होतो असे तीत आढळले, आणि हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांना त्यातून काही सवलत मिळालेली दिसली नाही. हात मोकळा असला तरी बोलणाऱ्याचे मन पलीकडच्या माणसाच्या दिवाणखान्यात जाऊन बसलेले असते. रस्त्यावर उरतात ते नुसते डोळे, आणि मालक घरी नसताना उघड्या राहिलेल्या खिडक्यांना जेवढे दिसते तेवढेच त्यांना दिसते.

माणसामाणसांतल्या या ढांगेचा शोध मोठ्या विचित्र रीतीने लागला. इंग्लंडमधील ग्रिनिच येथील वेधशाळेत मॅस्केलिन हा मुख्य ज्योतिषी होता आणि किनेब्रुक नावाचा त्याचा साहाय्यक होता. दुर्बिणीतल्या तारेवरून नक्षत्र कधी ओलांडते, याची वेळ घड्याळाचे ठोके कानांनी मोजीत नोंदावयाची, हे त्यांचे काम. किनेब्रुकच्या नोंदी आपल्या नोंदींपेक्षा सेकंदाच्या आठ दशांशांनी उशिरा पडतात, असे मॅस्केलिनच्या ध्यानात आले. त्याने समज दिली, वाट पाहिली, आणि अखेर १७९६ साली त्या बिचाऱ्याला कामावरून काढून टाकले. पुढे बेसेल नावाच्या जर्मन ज्योतिषाने ही हकीकत वाचली आणि निरनिराळ्या वेधकांच्या नोंदी ताडून पाहिल्या. तेव्हा असे दिसून आले की, कोणाही दोघांच्या वेळा जुळत नाहीत. किनेब्रुक आळशी नव्हता. तो मॅस्केलिनपेक्षा निराळा माणूस होता, एवढाच त्याचा अपराध. पुढे १८५० साली हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतून निरोप किती वेगाने जातो हे मोजले, तेव्हा तर लोक थक्कच झाले. विचार हा विजेसारखा तत्क्षणी पोहोचतो अशी सर्वांची समजूत. आणि वेग निघाला सेकंदाला तीस मीटरच्या आसपास. आजच्या हिशेबाने सांगावयाचे, तर द्रुतगती मार्गावर मोटारी ज्या वेगाने धावतात त्याच वेगाने तो निरोपही धावतो. माणसाचा मज्जातंतू बेडकापेक्षा चपळ आहे खरा. तरी घोड्याच्या आणि बैलाच्या वेगाला पुरणारे हे शरीर घेऊन आपण मोटारीत बसलो आहो, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

पट्टीच्या खेळात नाना थोडक्यात हरले, म्हणून प्रश्न सुटला असे मात्र मी समजलो नाही. त्या खेळात एक मोठी लबाडी आहे. पट्टी सुटणार हे ठाऊक असते, डोळे तिच्यावरच खिळलेले असतात, आणि करावयाचे कामही एकच, ती पकडणे. रस्ता इतका सरळ वागत नाही. उत्रेख्त येथील डोंडर्स या शास्त्रज्ञाने १८६८ साली प्रयोग करून दाखविले की, एका खुणेला एकच ठरलेले उत्तर असले तर वेळ कमी लागतो. पण अनेक खुणांतून एक ओळखून तिला साजेसे उत्तर निवडावयाचे असले, की वेळ वाढतो. ब्रेक दाबू की गाडी डावीकडे घेऊ, की नुसता भोंगा वाजवू, ही निवड करण्यातच क्षण खर्च होतो. वय वाढते तसा या निवडीचा वेळ अधिक वाढतो. तेव्हा पट्टीने नानांना दिलेला दाखला थोडासा खुशामतीचा होता, हे मला स्वतःशी मान्य करणे भाग होते.

परंतु दुसरीही एक गोष्ट तितकीच खरी आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म तिच्यात आहे. मार्क ग्रीन याने चालकांच्या प्रतिक्रियाकालावरचे पुष्कळ प्रयोग एकत्र करून २००० साली त्यांचा आढावा घेतला. ब्रेक लावावा लागणार हे आधीच ठाऊक असेल, तर चालकाला सुमारे पाऊण सेकंद पुरतो. पुढच्या गाडीचे तांबडे दिवे लागावे तशी नेहमीची पण अनपेक्षित गोष्ट घडली, तर सव्वा सेकंद लागतो. आणि अगदीच अकल्पित असे काही आडवे आले, तर दीड. म्हणजे माणूस तोच, पाय तोच, गाडीही तीच. नुसत्या अपेक्षेने काळ निम्म्यावर येतो. तरुणपणाने मिळणारी सवलत शतांशांची. मनात आधीच तयार असलेल्या शक्यतेने मिळणारी सवलत अर्ध्यापाऊण सेकंदाची. साठाच्या वेगाला तिची किंमत बारा मीटरांहून अधिक आहे.

हे वाचल्यावर पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम नानांच्या शेजारी बसून वाईला गेलो आणि रस्त्याऐवजी त्यांच्या पायाकडे लक्ष ठेवले. त्या पायाला घाई कशी ती नव्हतीच. गावाबाहेरच्या थांब्यावर एसटी उभी दिसली की, तिच्या पुढून कोणी आडवा येवो न येवो, नानांचा पाय वेग सोडून ब्रेकवर जाऊन अलगद थांबे. शाळेची भिंत सुरू झाली, पाय ब्रेकवर. रस्त्याच्या कडेला एक चेंडू घरंगळत आला. मूल अजून दिसले नव्हते, पण गाडी मंदावली होती. शेरडे हाकणारी बाई एका बाजूला आणि तिची दोन करडे दुसऱ्या बाजूला दिसताच नाना पुटपुटले, "आता ही पोरे आईकडे जाणार." आणि ती गेली. दीड तासाच्या त्या प्रवासात नानांनी एकदाही करकचून ब्रेक लावला नाही. माझा मुलगा ज्याला म्हातारपणाचा मंदपणा म्हणत असे, तो हा होता. त्यांचा पाय उशिरा पोहोचत असेल; पण तो निघतच लवकर होता.

आपल्या भाषेत यासाठी एक फार सुंदर शब्द आहे, प्रसंगावधान. आपण तो नेहमी प्रसंग घडून गेल्यावर वापरतो. अमक्याने प्रसंगावधान राखून मुलाला वाचविले, असे वर्तमानपत्रात येते, आणि आपल्या डोळ्यांपुढे विजेसारखी झेप घेणारा कोणी तरी उभा राहतो. पण शब्दात झेप कोठेच नाही. अवधान आहे, आणि अवधान हे प्रसंगाच्या आधीपासून चालू असावे लागते. समर्थ रामदासांची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. जांब गावचा बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा असता ब्राह्मणांच्या मुखातून 'सावधान' हा शब्द निघाला, आणि तो ऐकताच मुलगा मांडवातून पळून गेला. या घटनेत मला नेहमी आश्चर्य वाटते ते त्याच्या पायांच्या वेगाचे नव्हे. तोच शब्द त्या दिवसापर्यंत हजारो नवरदेवांनी ऐकला होता, पुढेही लाखोंनी ऐकला, आणि अक्षता अंगावर घेऊन ते सगळे जागच्या जागी उभे राहिले. नारायणाचे मन त्या शब्दाची आधीपासून वाट पाहत होते, म्हणून त्याचा अर्थ त्याला एकट्याला, आणि तत्काळ, कळला. घाटातल्या 'अति घाई, संकटात नेई' या पाटीचेही असेच आहे. ती आपण सर्वांनी हजार वेळा वाचली आहे. वाचली आहे, एवढेच.

अवधान ही वस्तू पुण्याईसारखी साठवून ठेवता येत नाही, ही त्यातली अडचण. झोप तिची पहिली वैरीण. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली दाखवून दिले की, सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकाच मंद होतो. आपल्या कायद्यात चालकाला तीस मिलिग्रॅमपर्यंतच मुभा आहे. आता आपल्या घरातल्या लग्नाची संध्याकाळ आठवून पाहा. पहाटे पाचला उठलेला भाचा, दिवसभर मांडवात राबलेला, रात्री साडेदहाला पंगती उठल्यावर म्हणतो, "रात्रीच निघतो, रस्ता मोकळा असतो." आपण त्याला डबा बांधून देतो, मुलांना गाडीत झोपवतो, 'पोहोचलास की फोन कर' म्हणतो. त्याने आयुष्यात मद्याचा थेंब घेतलेला नसतो, आणि तरीही कायद्याने ज्याची किल्ली काढून घ्यावी अशा अवस्थेत आपण त्याला निरोप देतो. दारू पिणाऱ्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही; त्याचा हात मंदावतो आणि आत्मविश्वास मात्र वाढतो, एवढे सर्वांस ठाऊक आहे. पण सर्दीवरच्या जुन्या धर्तीच्या ज्या गोळ्या आपण न विचारता दुकानातून आणतो, त्याही गुंगी आणतात, हे सभ्य घरांतून फारसे ठाऊक नसते.

दुसरा वैरी म्हणजे एकसुरीपणा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ सालच्या जून महिन्यात खुला झाला आणि सातशे एक किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला. त्यावर मोटारींना सपाटीला ताशी एकशेवीस किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे सेकंदाला तेहेतीस मीटर. अशा रस्त्यावर शेळ्या नाहीत, शाळा नाहीत, चेंडूही नाही. तासभर काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नाही म्हणून काही घडेल ही अपेक्षाच मनातून विरघळून जाते. उघड्या डोळ्यांनी माणूस जणू पेंगू लागतो. वाईच्या रस्त्यावरची करडे नानांना जागे ठेवतात, हा त्यांचा उपकारच म्हटला पाहिजे.

रस्ते आखणारे अभियंते या बाबतीत आपल्यापेक्षा फार उदार असतात, असे मला दिसून आले. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने वळणावर वा चढावर पुढचे किती अंतर दिसले पाहिजे याचे नियम ठरविले आहेत. त्यांत चालकाचा प्रतिक्रियाकाल अडीच सेकंद धरला आहे. साठाच्या वेगासाठी ऐंशी मीटर अंतर मोकळे दिसले पाहिजे, आणि त्यांतले जवळजवळ बेचाळीस मीटर नुसते भानावर येण्यासाठी सोडलेले आहेत. प्रयोगशाळेतला तरुण पाऊण सेकंदात ब्रेक दाबतो हे ठाऊक असूनही अभियंत्याने त्या तरुणासाठी रस्ता बांधला नाही. थकलेला मालमोटारवाला, रडणाऱ्या मुलाला घेऊन निघालेली आई, शहात्तर वर्षांचा निवृत्त मास्तर, हे सगळे त्याने हिशेबात घेतले आणि त्यांच्यासाठी एक सेकंद अधिक टाकला. आपण वेग वाढवून किंवा पुढच्या गाडीला चिकटून तो सेकंद उधळतो, तेव्हा आपली अशी समजूत असते की आपण आपलेच काही खर्च करीत आहो. पण तो सेकंद आपल्यापेक्षा संथ असलेल्या सर्वांच्या नावे ठेवलेला असतो.

इतका विचार झाल्यावर नानांच्या बाजूने निकाल द्यावयास मी तयार झालो होतो. आणि त्या निकालाला आडवे आले ते स्वतः नाना. मी सर्व पुरावा त्यांच्यापुढे मांडला, तो त्यांनी शांतपणे ऐकला, आणि म्हणाले, "तुझे म्हणणे दिवसापुरते बरोबर आहे. जे पूर्वी पाहिले आहे त्याचीच वर्दी मला आधी मिळते. गळिताच्या हंगामात रात्री उसाची ट्रॉली रस्त्यात उभी असते, मागे दिवा नाही, तांबडी पट्टी नाही. तिची वर्दी मला कोण देणार? तिथे नुसते डोळे आणि पाय. आणि ते माझे राहिले नाहीत."

ते खरे होते. माणूस साठीला पोहोचतो तोवर, विशीतल्या डोळ्याच्या मानाने त्याच्या डोळ्यांच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. बाहुली आकसते, भिंग पिवळे पडते, आणि समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की नजर पुन्हा स्थिरावण्यास अधिक वेळ लागतो. भुईंजच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या त्याच महामार्गावरून जातात. काळोखातली ती काळी रास दिसेपर्यंत अंतर संपलेले असते, आणि मग अनुभवाला बोलावयास अवसरच उरत नाही.

नानांनी डॉक्टरांचा दाखला घेतला, परवानाही नवा झाला. पण शासनाच्या अटींखाली त्यांनी आपल्या हाताने आणखी चार अटी लिहिल्या आणि तो कागद गाडीच्या किल्लीशेजारी खिळ्याला लावून ठेवला. दिवेलागणीनंतर गाडी काढावयाची नाही. मुसळधार पावसात काढावयाची नाही. सर्दीची गोळी घेतली असेल त्या दिवशी काढावयाची नाही. चौथी अट माझ्यावर होती. दर दसऱ्याला, गाडीला झेंडूचा हार घालून झाला की मी त्यांच्या शेजारी बसून वाईपर्यंत जावे, आणि परत आल्यावर जे दिसले ते खरे सांगावे. "भीड धरायची नाही," ते म्हणाले. "पोरांच्या वह्या तपासताना मी कोणाची धरली नाही."

तो कागद मी रोज येताजाता पाहतो. मुलाने आपल्या फोनसंबंधी असा काही कागद अजून लिहिलेला नाही. पण हल्ली गाडीत बसताना तो फोन मागच्या बाकावर टाकतो, एवढे मी पाहिले आहे, आणि मुद्दाम त्याविषयी बोललो नाही. मला स्वतःला मात्र चौथ्या अटीने एका निराळ्याच परीक्षेला बसविले आहे. कोणत्या तरी दसऱ्याला, यंदा नाही तर पुढच्या, नाही तर त्याच्या पुढच्या, थांब्यावर उभी असलेली एसटी दिसेल आणि नानांचा पाय जागचा हलणार नाही. करडे आईकडे धावतील आणि ते काही पुटपुटणार नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर, आपट्याची पाने हातात असताना, 'नाना, आता पुरे' हे शब्द मला उच्चारावे लागतील. ज्यांनी मला सायकलीवर बसविले, मागून धरले आणि न सांगता सोडून दिले, त्यांना ते सांगावयाचे आहे. आणि त्यानंतर येणाऱ्या पहिल्या गुरुवारी वाईपलीकडच्या त्या अंथरुणाशी त्यांना कोण घेऊन जाणार, याचेही उत्तर माझ्याजवळ तयार असले पाहिजे. जी गोष्ट येणार हे ठाऊक असते तिला सामोरे जावयास माणसाला निम्माच वेळ लागतो, असे शास्त्र सांगते. म्हणून मी गुरुवारी रजा मिळेल अशी तजवीज आतापासूनच करून ठेवू लागलो आहे.